गनीभाईंचा न झालेला दुसरा अंक

गनीभाई गेल्याचं मला माझ्या नातवाने सांगितलं, आणि तेही इंग्रजीत. सकाळचा चहा घेत बसले होते, तो आतून मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "दादी, गनी अंकल इज नो मोअर." या मुलांना मराठीत काही विचारा, उत्तर इंग्रजीतच येणार. त्यावर बोलणं मी कधीच सोडून दिलंय. कप खाली ठेवला, इन्नालिल्लाह म्हटलं, आणि... खरं लिहायचं तर आधी मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं, शारजाहून अजमानला जाताना गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा. गनीभाई पहाटेची फजरची नमाज पढून पुन्हा आडवे झाले ते झोपेतच गेले, अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाच्या तोंडाकडे बघत राहावं लागलं नाही. हायसं वाटायचं एक कारण ते. दुसरं कारण असं, की सकीना शेवटपर्यंत त्यांची बायको राहिली. आता यात विशेष ते काय, असं कुणीही म्हणेल. पण साठेक वर्षांपूर्वी ते लग्न एका संध्याकाळी चाळीस माणसांसमोर मोडलं होतं, आणि ते माझ्या हातून मोडलं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तेव्हाची दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवरचं गाव. तेल अजून सापडायचं होतं, चलन रुपयाचंच होतं, आणि प्यायचं पाणी गाढवावरून यायचं. देऱ्यात एका आवारात आम्हा कोकणी लोकांची बिऱ्हाडं होती, सगळी दाभोळ, खेड, चिपळूणकडची. बहुतेक पुरुष एकटेच. बायका आणलेली आमची तीन-चार घरं. माझे यजमान युसूफ गोदीवर होते. समोरच्या खोलीत गनीभाई आणि सकीना. गनीभाई एका आगबोट कंपनीच्या एजंटाकडे क्लार्क. रत्नागिरीला इंटरपर्यंत शिकलेले, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळवलेले, आणि ते बक्षीस कुणी विसरू नये याची काळजी स्वतःच घेणारे. माणूस हसरा. चिंबोऱ्या निवडतानासुद्धा एखादी नक्कल करून दाखवायचा. मला कधी कधी वैताग यायचा त्यांच्या नकलांचा, पण त्या आवारात त्यांच्याशिवाय करमणूक तरी काय होती?

त्यांचा इंग्रज साहेब मायदेशी परत गेला तेव्हा जाताना जुन्या पुस्तकांचं एक खोकं यांना देऊन गेला. त्यात निघालं एक नाटक. मूळ फ्रेंच, एकोणिसाव्या शतकातलं, इंग्रजीत केलेलं. गनीभाईंनी ते दोन दिवसांत वाचून काढलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना आम्हा सगळ्यांना त्याची गोष्ट सांगितली. एक श्रीमंत नवरा-बायको असतात. बायको नवऱ्याला कंटाळलेली. तिकडे तेव्हा घटस्फोटच मिळत नसे, म्हणून बिचारी नुसती चरफडत असते. तेवढ्यात बातमी येते की तसा कायदा होणार. बायको खूश. आणि नवरा असा बेरकी, की तो भांडत नाही, म्हणतो, जा खुशाल! आता जायची मोकळीक मिळाल्यावर तिला तोच नवरा बरा वाटायला लागतो. आम्ही पोट धरून हसलो. ईदच्या तिसऱ्या दिवशी हे नाटक आपल्या आवारात करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

पण मराठीत करायला बसले तर गाडी अडली. युसूफ म्हणाले, "अरे गनी, त्यांच्याकडे घटस्फोट मिळत नव्हता म्हणून तीन अंक झाले. आपल्याकडे नवऱ्याने तीनदा शब्द उच्चारला की खलास. तुझं नाटक पहिल्याच अंकात आटपेल." गनीभाई दोन दिवस तोंड पाडून बसले. मग एका दुपारी ओरडतच आमच्या दारात आले, "भाभी, सापडलं! इद्दत!" नवऱ्याने सोडल्यावर बाईला तीनेक महिने थांबावं लागतं, ती इद्दत. पूर्ण तलाक झाला नसेल तर त्या मुदतीत नवरा तिला परत घेऊ शकतो. गनीभाईंनी सगळा दुसरा अंक त्या इद्दतीवरच रचला. नाटकातला नवरा रागाने तीनदा म्हणायला जातो, पण दुसऱ्यांदा म्हणायच्या आत त्याला शिंकांचा सपाटा येतो आणि शब्द एकदाच होतो. मग एकाच घरात दोघं, मध्ये चादरीचा पडदा, आणि पडद्याच्या दोन बाजूंनी दोघं नव्याने एकमेकांच्या प्रेमात. फ्रेंच माणसाला हे सुचलं नसतं, असं ते छाती फुगवून सांगायचे.

आता बायकोचं काम कोण करणार? आमच्यात बाईने पुरुषांसमोर उभं राहायचं म्हणजे बोंबच. पण बघणारे सगळे चुलते-मामेच, आणि समोर तिचाच नवरा, म्हणून सकीनाला उभं केलं. डोक्यावर पदर, हात अंगाला चिकटलेले, आणि बोलणं शाळेत कविता म्हणून दाखवल्यासारखं एका सुरात. तालमीला मी वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायचे. मी चिडायचे तिच्यावर. "अगो, नवऱ्याला कंटाळलीयस तू! जरा कंटाळून दाखव की!" ती नुसती हसायची. पण ते हसू पुढे पुढे कमी झालं. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, ईदच्या आधीच्या आगबोटीने ती गावी जाणार असं ठरलं होतं. गनीभाईंनी नाटकासाठी ते जाणं पुढे ढकललं. "नाटक झालं की लगेच जा," म्हणाले. आता नाटकासाठी लग्न थांबतं का कुणाचं? दोन दिवस ती रडली, मग गप्प झाली. आम्हाला वाटलं, समजूत पडली.

आणि हुसेनमामूंनी वेगळाच घोळ घातला. हे सकीनाचे सख्खे मामा, जहाजावरून निवृत्त झालेले सारंग, आणि आवारातले सगळ्यात वडीलधारे. ते म्हणाले, "तलाक थट्टेत म्हटला तरी लागतो. बायको खरी आहे तुझी. हा खेळ करू नकोस." सगळ्यांचे चेहरे उतरले. शेवटी मामूंनीच तोड काढली. गनीभाईंनी तिथे नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, आणि त्याच क्षणी मी चादरीमागून परातीवर डाव हाणायचा. ठण्ण! लोकांना कळलं म्हणजे झालं. तालमीत ते इतकं झकास जमायचं की हसून हसून माझ्या हातातली वही पडायची.

ईदचा तिसरा दिवस. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर आवारात सतरंज्या टाकल्या, पुरुष पुढे, बायका बाजूला आडोशाला. पहिला अंक रंगला. आणि मग सकीनाचं ते वाक्य आलं, गनीभाईंनीच लिहिलेलं. "मला मोकळं करा. या घरात माझा जीव रमत नाही. मला माझ्या माणसांत जायचंय." तालमीत शंभरदा ऐकलं होतं मी. पण त्या संध्याकाळी तिने ते असं म्हटलं की हसणारी माणसं हसायची थांबली. हळू म्हटलं, नवऱ्याकडे बघून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काय सांगू... माझीही आई तिकडे गावीच होती ना. गनीभाई तिच्याकडे बघत राहिले, किती वेळ बघत राहिले. आणि मग त्यांनी तो शब्द उच्चारला. ओठ हलवले नाहीत, उच्चारला. एकदाच, अगदी स्पष्ट. माझा डाव तसाच हातात. मी परात वाजवायची विसरले होते.

शिंकांचा सपाटा आलाच नाही. मामू उठून उभे राहिले, "या अल्ला" म्हणाले, आणि नाटक तिथेच संपलं. दुसरा अंक कुणी बघितलाच नाही. त्याच संध्याकाळी सकीना आमच्या खोलीत आली, काझीसाहेब सांगत नाहीत तोवर वेगळं राहायचं म्हणून. युसूफ समोर गनीभाईंकडे झोपायला गेले. अकरा दिवस असे गेले. एकाच आवारात दोघं, बादली घ्यायला एक बाहेर आला की दुसरा आत. मी तिला जेवायला घालायचे आणि तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती व्हायची नाही. लोक म्हणत, गनीचा तोल गेला, भर नाटकात गेला. मी कुणाला सांगू की परात वाजली असती तर तो भानावर राहिला असता, शब्द तोंडातच राहिला असता? अल्लाची शपथ, एक दिवस धड जेवण गेलं नाही मला.

काझीसाहेबांकडे मामू, युसूफ आणि गनीभाई गेले. काझी अरब, मामूंची अरबी बंदरावरची. युसूफनी घरी येऊन सगळं सांगितलं ते असं. काझीसाहेबांना आधी नाटक म्हणजे काय हेच समजावून सांगायला लागलं. ते म्हणाले, "माणूस खोटा, घर खोटं, भांडण खोटं, मग शब्द तरी खरा कसा?" मामू म्हणाले, "बायको खरी आहे, हुजूर." मग काझीसाहेबांनी गनीभाईंना सरळ विचारलं, "तो शब्द तुझा, की त्या नाटकातल्या माणसाचा?" आता इथे कुणीही म्हणेल, नाटकातल्या माणसाचा. एवढं म्हटलं असतं की सुटका होती. गनीभाई म्हणाले, "आधीची वाक्यं त्याची होती. शब्द माझा." युसूफ तर कपाळावर हात मारूनच घरी आले. "वेडा आहे का हा माणूस? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला!" काझीसाहेबांनी निवाडा दिला, एक तलाक लागला. इद्दत संपायच्या आत परत घ्यायचं तर दोन साक्षीदारांसमोर नवऱ्याने तसं म्हणायचं. बायकोची हरकत असली तरी चालतं. तोवर इथे तिचं दुसरं घर नाही, तर मामाबरोबर आईकडे जाऊ दे.

आम्हाला वाटलं, गनीभाई घरी पोहोचेपर्यंतसुद्धा थांबणार नाहीत, रस्त्यातच म्हणून टाकतील. युसूफ आणि मामू साक्षीला होतेच. पण त्यांनी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी आगबोटीची दोन तिकिटं आणली आणि आमच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. स्वतः बाहेरच उभे. म्हणाले, "भाभी, तिला सांगा, आईकडे जाऊन राहा. तिथे बसून ठरव. यायचं असेल तर मुदत संपायच्या आत ये. नसेल यायचं तर माझी तक्रार नाही." सकीना आत भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. मी मात्र त्या माणसावर भयंकर चिडले. म्हटलं, "दोन शब्दांत मिटतंय ते मिटवा की! हे काय भलतंच?" ते नुसते मान हलवून निघून गेले.

ती गेली. मग सुरू झालं वाट बघणं. आगबोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची आणि उतारू होडीतून खाडीत यायचे. बोट आली की गनीभाई ऑफिस सोडून खाडीवर. पहिल्या बोटीला कुणी नाही. पत्रसुद्धा नाही. युसूफ मागे लागायचे, "अरे, म्हणून टाक इथेच. मी आहे, अजून एक कुणी बघू. तिला पत्राने कळव." गनीभाईंचं एकच, "तिने यायला पाहिजे." माणूस वाळत चालला होता. नकला बंद. दुसऱ्या बोटीलाही कुणी नाही. इद्दतीचे थोडेच दिवस उरले तेव्हा मी नमाजमध्ये दुसरं काही मागतच नव्हते. माझ्या एका चुकीमुळे कुणाचं घर उठू नये, एवढंच.

तिसऱ्या बोटीला मीही युसूफबरोबर खाडीवर गेले. होडी वळली आणि मामूंचा लाल रुमाल दिसला. त्यांच्या शेजारी बुरख्यात एक बाई, डोकं गुडघ्यांवर टेकलेलं. होडी काठाला लागली. सगळे उतरले, ही उतरेना. गनीभाई पायऱ्यांवर उभे, पुढेही येत नाहीत, मागेही जात नाहीत. होडीवाला ओरडायला लागला, "यल्ला, यल्ला!" तशी सकीना डोकं वर करून म्हणाली, "आधी म्हणा, मग उतरते." गनीभाई म्हणाले, "तुझी मर्जी आहे?" आणि ती त्या सगळ्या गर्दीत खणखणीत आवाजात म्हणाली, "मर्जी नसती तर एवढे दिवस बोटीत उलट्या करत आले असते?" अहो, तालमीत हा आवाज कुठे होता! गनीभाईंनी मामूंकडे बघितलं, युसूफकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुम्ही दोघं साक्षीला. मी माझ्या बायकोला परत घेतलं." म्हणताना रडत होते. मामूंनी होडीतूनच "ऐकलं, ऐकलं" म्हणून हात वर केला. होडीवाल्याला काही कळलं नाही, पण तोही हसायला लागला.

का आली, ते तिने मला काही दिवसांनी सांगितलं. आईकडे शेजारपाजारच्या बायका नाटकाची गोष्ट विचारायच्या. ही रोज अंगणात बसून सांगायची, अगदी नवऱ्याच्या आवाजात. दुसऱ्या अंकातलं पडद्याआडचं बोलणं सांगताना बायका "मग पुढे?" म्हणायच्या. "सांगता सांगता मलाच त्याची आठवण यायला लागली गो," म्हणाली. "आणि असं वाटलं, हे सगळं लिहिणारा माणूस तिकडे एकटाच मासे तळत असेल." पुढे त्यांना चार मुलं झाली. धाकटा आता दुबई मरीनात पस्तिसाव्या मजल्यावर राहतो, तिथे गनीभाईंना चक्कर यायची म्हणून दोघं अजमानला थोरल्याकडे राहिले. दर वर्षी मे महिन्यात, न मागता, तिच्या हातात गावचं तिकीट पडायचं. कुणी चेष्टेत विचारलंच, की गनीभाई, तुमचा दुसरा अंक कधी दाखवणार, तर म्हणायचे, "चालू आहे, हबीबी." मी त्या हसण्यात सामील व्हायचे. पण माझ्या मनातला काटा काही निघाला नाही. माझ्यामुळे तिने ते दिवस काढले, माझ्यामुळे ती तलाक झालेली बाई म्हणून गावच्या अंगणात बसली. युसूफ गेले, मामू तर केव्हाच गेले, मी त्यांनासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

आता पाच आठवडे झाले. सकीना पुन्हा इद्दतीत बसलीय, या वेळी विधवेची, चार महिने दहा दिवसांची. मी शुक्रवारी तिच्याकडे जाते, संध्याकाळपर्यंत बसते. गेल्या शुक्रवारी घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, सकीना, मला एक कबूल करायचंय. आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते, डाव हातातच राहिला ते, सगळं. ती म्हणाली, "एवढं घेऊन जगलीस? वेडी आहेस तू मुमताज. ऐक. नाटकाच्या दिवशी दुपारी मी माझी पेटी भरून खेडच्या एका बाईकडे नेऊन ठेवली होती. ती दोन दिवसांनी बोटीने जाणार होती. कुणाला न सांगता मी तिच्याबरोबर पळून जाणार होते."

मी तिच्याजवळ सरकले. ती म्हणाली, "नाटकातलं ते वाक्य मी नाटकासाठी म्हटलंच नाही. आणि हे मी यांना इतकी वर्षं सांगितलं नाही. ते जायच्या थोडे दिवस आधी सांगितलं, म्हटलं, आता लपवून काय करायचंय. तर म्हणतात कसे, मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"कपडे बदलायला खोलीत आले तेव्हा कॉटखाली पेटी नव्हती. एवढीशी खोली, कळणारच की. म्हणाले, पळून गेली असतीस तर साऱ्या गावाने तुला नावं ठेवली असती, परत यायला तोंड राहिलं नसतं. नवऱ्याने सोडली म्हणून गेलीस तर नावं मला ठेवतील. म्हणून म्हटलं. आणि एकदाच म्हटलं, तुला यावंसं वाटलं तर येता यावं म्हणून."

बोलून ती उठली, असरची वेळ झाली होती. मी तिथेच बसून राहिले. साठ वर्षं आम्ही सगळे त्या माणसाचा तोल गेला म्हणत आलो. मामू म्हणाले, युसूफ म्हणाले, मी तर तोंडावर म्हणाले. त्याने एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही.